मोलर प्रेग्नन्सी: ठाणे-नवी मुंबईत ओपीडीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात एका मॅटर्निटी होममध्ये सिस्टर आहे. मोलरचं निदान झालं की पहिले दोन-तीन दिवस घरात नुसता गोंधळ असतो, नवरा रात्रभर गूगल करतो, कोणीतरी कॅन्सर हा शब्द वाचतं आणि सगळेच हबकतात. ओपीडीच्या बाकावर आणि फोनवर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र लिहून ठेवलेत. तुमच्या केसमधला निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण त्यांना काय विचारायचं आणि काय अजिबात सोडून द्यायचं नाही हे यातून कळेल.

मोलर प्रेग्नन्सी म्हणजे नक्की काय झालंय?

दिवस राहिले की बाळ आणि वार दोन्ही तयार व्हायला लागतात. मोलरमध्ये गर्भधारणेच्या क्षणीच क्रोमोसोमचं गणित चुकतं, त्यामुळे बाळ नीट तयार होत नाही आणि वारेच्या पेशी मात्र वाढतच सुटतात, त्यात पाणी भरून भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगे फुगे होतात. मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात, जुने डॉक्टर व्हेसिक्युलर मोल म्हणतात, फाइलवर नुसतं व्ही मोल लिहिलेलं असतं, सगळं एकच.

याचे दोन प्रकार. कंप्लीट मोलमध्ये अंड्यात आईकडची क्रोमोसोम नसतातच, सगळी वडिलांकडून आलेली असतात, बहुतेक वेळा एकाच शुक्राणूची दुप्पट झालेली, आणि बाळाचा भाग तयारच होत नाही. पार्शल मोलमध्ये अंडं बरोबर असतं पण त्यात दोन शुक्राणू शिरतात, म्हणजे ४६ ऐवजी ६९ क्रोमोसोम होतात. इथे कधीकधी बाळाचा थोडा भाग, अगदी हार्टबीटसुद्धा दिसतो, पण ते बाळ जगण्यासारखं नसतं. हे ऐकताना फार जड जातं, पण थांबून, वाट बघून, औषध देऊन ते सुधारत नाही.

माझं काय चुकलं? पपई खाल्ली होती, घोडबंदर रोडवरून रोज रिक्षाने जात होते, ग्रहणात बाहेर पडले होते...

काहीच चुकलं नाही ताई. वर सांगितलं तसं हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, तुम्हाला पाळी चुकल्याचं कळायच्याही आधी. त्यानंतर तुम्ही खड्ड्यातून रिक्षाने गेलात, बादली उचललीत, पपई खाल्लीत, रडलात, भांडलात, यातल्या कशानेही मोलर होत नाही. नजर लागून होत नाही, ग्रहणाने होत नाही. आणि शुक्राणू दोन शिरले म्हणून नवऱ्याचा दोष असंही नाही, त्यावर कोणाचाच कंट्रोल नसतो. हे मी सासूबाईंसमोर मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण पेशंट एकटी असताना सांगून उपयोग नसतो, घरी गेल्यावर तिलाच ऐकावं लागतं.

शक्यता कोणात जास्त? अगदी लहान वयात आणि चाळिशीनंतर राहिलेल्या गर्भात, आणि आधी एकदा मोलर झालेल्या बाईत. बाकी साधारण हजार प्रेग्नन्सीत एक-दोन, आशियात थोडं जास्त आढळतं असं म्हणतात.

लक्षणं काय असतात? मला तर काहीच त्रास नव्हता.

आता लवकर सोनोग्राफी होते त्यामुळे बऱ्याच जणींना खरंच काही त्रास नसतो, रूटीन स्कॅनला गेल्या आणि तिथे कळलं. ज्यांना होतो त्यांना बहुतेक वेळा तिसऱ्या महिन्याच्या आसपास ब्लीडिंग सुरू होतं, कधी लाल कधी चॉकलेटी, त्यात एखादीला ते फुगे पडलेले दिसतात. उलट्या नेहमीपेक्षा खूप जास्त, पाणीसुद्धा टिकत नाही अशा. पोट दिवसांच्या मानाने मोठं. काही जणींना छातीत धडधड, हात थरथरणं, कारण हार्मोन इतकं वाढतं की थायरॉइडही जोरात काम करायला लागतं. आणि पाचव्या महिन्याच्या आत बीपी वाढलं तर डॉक्टरांच्या मनात मोलर आलंच पाहिजे.

तासाभरात एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, दम लागतोय, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

निदान कसं करतात? एका सोनोग्राफीवर विश्वास ठेवायचा का?

दोन गोष्टींवर संशय येतो, सोनोग्राफी आणि रक्तातला बीटा एचसीजी. सोनोग्राफीत पिशवी बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेली दिसते, रिपोर्टमध्ये स्नो स्टॉर्म असं लिहितात, पण सहा-सात आठवड्यांत हे चित्र स्पष्ट नसतं आणि पार्शल तर साध्या मिस्ड ॲबॉर्शनसारखंच, म्हणजे गर्भाची वाढ आतच थांबल्यासारखंच दिसतं. बीटा एचसीजी हे वारेच्या पेशींनी बनवलेलं हार्मोन, मोलरमध्ये ते बऱ्याचदा लाखाच्या वर जातं. पार्शलमध्ये मात्र आकडा साध्या प्रेग्नन्सीइतकाच असू शकतो.

दुसरीकडे सोनोग्राफी करून घ्यायची असेल तर खुशाल करा, कोणी चांगला डॉक्टर त्यावर रागावणार नाही, फक्त त्यात आठवडे घालवू नका. एक गंमतीशीर वाटेल अशी गोष्ट पण खरी आहे, बीटा अतिशय जास्त असेल तर घरची लघवीची टेस्ट चक्क निगेटिव्ह येऊ शकते, कारण पट्टीला एवढं हार्मोन झेपत नाही. पाळी चुकलीय, ब्लीडिंग होतंय, उलट्या होतायत आणि टेस्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टरकडे जा.

पक्कं निदान मात्र पिशवीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरच होतं, त्याचं पुढे सांगते.

गोळ्या घेऊन घरीच नाही का होणार? मेडिकलवाला देतो.

नाही. मोलरचा संशय असताना ॲबॉर्शनच्या गोळ्या घरी घेणं धोक्याचं आहे. पिशवी जोरात आवळली की एकदम खूप रक्तस्राव होऊ शकतो आणि त्या पेशी रक्तातून फुप्फुसापर्यंत ढकलल्या जाण्याचा धोका असतो. शिवाय सगळं पडलं की नाही कळत नाही आणि तपासायला तुकडा हातात राहत नाही. योग्य उपाय म्हणजे सक्शन इव्हॅक्युएशन, ज्याला आपल्याकडे सगळे पिशवी साफ करणं म्हणतात.

पिशवी साफ करताना काय करतात?

आधी रक्ताच्या टेस्ट होतात: हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, थायरॉइड, लिव्हर, किडनी, बीटा, आणि छातीचा एक्सरे. रक्त क्रॉसमॅच करून ठेवायला सांगतात, तेव्हा घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका, यात ब्लीडिंग साध्या क्युरेटिंगपेक्षा जास्त होऊ शकतं, म्हणून रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्या. भूल देऊन नळीने पिशवी रिकामी करतात, शक्यतो सोनोग्राफीवर बघत. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी जातात. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिलं का हे आठवणीने विचारा.

वय जास्त आहे, मुलं झालेली आहेत अशा बाईला डॉक्टर कधी पिशवी काढण्याचा पर्याय देतात. पण पिशवी काढली तरी बीटाच्या तपासण्या सुटत नाहीत.

पीस टेस्टला पाठवायला सांगितलाय, गरज आहे का? आधीच खूप खर्च झालाय.

हो, आहे, यात काटकसर करू नका. काढलेला सगळा भाग फॉर्मलिनच्या बाटलीत घालून हिस्टोपॅथॉलॉजीला जातो. बाटलीवर तुमचं नाव, वय, तारीख बरोबर लिहिलंय ना हे नवऱ्याने किंवा आईने एकदा डोळ्यांनी बघावं, लॅबची पावती जपून ठेवावी. मी अशा बायका बघितल्यात ज्यांचं दुसरीकडे साधं मिसकॅरेज म्हणून क्युरेटिंग झालं, पीस पाठवलाच नाही, आणि ब्लीडिंग थांबत नाही म्हणून त्या महिन्या-दोन महिन्यांनी आल्या तेव्हा बीटा वर गेलेला. म्हणून मी तर म्हणते गर्भपात कसलाही असो, पीस पाठवाच.

कंप्लीट की पार्शल यात शंका असेल तर पी५७ नावाची एक वेगळी टेस्ट त्याच तुकड्यावर करतात. कंप्लीटमध्ये ती निगेटिव्ह येते, पार्शलमध्ये पॉझिटिव्ह. हा पॉझिटिव्ह शब्द वाचून घाबरून फोन येतात, त्याचा अर्थ वाईट असा नाही.

पिशवी साफ झाली, आता परत परत रक्त कशाला काढतात?

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, नीट वाचा.

पिशवी रिकामी झाली तरी काही पेशी चिकटून राहू शकतात आणि परत वाढायला लागू शकतात. कंप्लीट मोलनंतर साधारण १०० पैकी १५ ते २० जणींमध्ये असं होतं, पार्शलनंतर खूपच कमी, शंभरात एक ते चार-पाच. या पेशी कुठेही लपल्या तरी बीटा बनवतात, म्हणून रक्ताच्या एका टेस्टवरून त्यांचा पत्ता लागतो. दुसऱ्या कुठल्या आजारात इतका साधा आणि इतका भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो. टेस्ट वेळेवर केली तर पेशी वाढतायत हे लवकर सापडतं आणि जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात. टेस्ट सोडली आणि सहा महिन्यांनी खोकल्यातून रक्त आलं म्हणून आलात, तर तोपर्यंत ते फुप्फुसात गेलेलं असू शकतं.

पद्धत अशी. दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी बीटा, तो ५ च्या खाली येईपर्यंत, आणि तसा लागोपाठ तीनदा येईपर्यंत. मग पार्शल असेल तर महिन्याने एकदा, कंप्लीट असेल तर तीन महिने दर महिन्याला एकदा, असं फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना सांगते. आपल्याकडे बरेच डॉक्टर सहा महिने बघतात, तुमच्या डॉक्टरांचं जे असेल ते पाळा.

आकडे कसे वाचायचे? समजा साफ करण्याआधी बीटा १,८६,००० होता. एका आठवड्याने ९,४००, मग १,९००, ४८०, १३०, ४२, १४ आणि मग ५ च्या खाली. हे एकदम छान चाललंय. घाई करू नका, पूर्ण खाली यायला दोन-अडीच महिने लागू शकतात. आणि सुरुवातीचा आकडा कितीही भयंकर वाटला तरी बघायचं ते उतरण आहे.

काळजी कधी? तीन आठवड्यांत घेतलेले चार रिपोर्ट जवळपास तिथल्या तिथेच अडकले, किंवा दोन आठवड्यांत घेतलेले तीन रिपोर्ट वर वर गेले. तेव्हा डॉक्टर पुढची पावलं उचलतात. एका रिपोर्टवरून रात्रभर जागू नका.

एका वहीत तारीख, आकडा, लॅबचं नाव एवढं लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ शोधायला डॉक्टरसमोर दहा मिनिटं जातात आणि नेमकी हवी तीच सापडत नाही.

लॅब बदलली तर चालेल का? गणपतीला गावी जाणार आहे.

शक्यतो नको. प्रत्येक लॅबचं मशीन आणि किट वेगळं, त्यामुळे ठाण्यात ४० आणि चिपळूणमध्ये ५२ आला तर खरंच वाढला की मशीनचा फरक ते कळत नाही. गावाला जरूर जा, पण जायच्या आदल्या दिवशी रक्त देऊन जा आणि आल्यावर लगेच द्या. जास्त दिवस राहणार असाल, पहिल्या काही महिन्यांत माहेरी जाणार असाल, तर ज्या लॅबचं कलेक्शन सेंटर तिकडेही आहे अशीच लॅब सुरुवातीपासून धरा. सणात, लग्नात, मे महिन्याच्या सुट्टीत, फॉलोअप सुटतो तो असाच सुटतो, मुद्दाम कोणी सोडत नाही.

केसांसाठी बायोटिनच्या जास्त पॉवरच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काही मशीनवर त्याने रिपोर्ट चुकतो.

सासूबाई म्हणतात लगेच चान्स घ्या म्हणजे दुःख विसरेल.

त्यांची माया कळते, पण आत्ता नाही. नवीन प्रेग्नन्सीमध्येही बीटा वाढतो, मग तो बाळामुळे वाढला की राहिलेल्या पेशींमुळे ते ओळखणं कठीण होतं. डॉक्टरांनी फॉलोअप संपला असं सांगेपर्यंत थांबायचं, एवढंच. सासूबाईंना एकदा ओपीडीत घेऊन या, आम्ही सांगतो, सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरोघरी फरक पडतो.

तरीही मध्येच दिवस राहिले तर लपवू नका आणि घाबरून स्वतःच गोळ्या घेऊ नका, लगेच सांगा. अशा बऱ्याच प्रेग्नन्सी नीट पार पडतात.

मग काय वापरायचं?

कंडोम चालतो. गर्भनिरोधक गोळ्याही चालतात, बीटा अजून खाली आलेला नसला तरी, बीपी किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास वगैरे नसेल तर. कॉपर टी मात्र बीटा नॉर्मल होईपर्यंत बसवायची नाही.

माझा बीटा उतरत नाहीये. म्हणजे कॅन्सर झाला का?

राहिलेल्या पेशी परत वाढायला लागल्या की त्या आजाराला जीटीएन म्हणतात, आणि हो, हा कॅन्सरच्या गटात मोडतो. गोल गोल बोलण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं. पण ताई, कॅन्सर म्हटल्यावर डोळ्यासमोर जे येतं तसं हे नाही. पूर्ण बरा होणारा असा हा कॅन्सर आहे, लो रिस्क गटात जवळपास शंभर टक्के जणी बऱ्या होतात आणि हाय रिस्कमध्येही दहापैकी नऊच्या आसपास. १९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाने याच जातीचा पसरलेला आजार बरा करून दाखवला, केमोने गाठीचा कॅन्सर बरा होतो हे जगाला दिसलं ते अशा सुरुवातीच्या केसेसमधून. तेच औषध आजही वापरतात.

डॉक्टर आधी एक्सरे, सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात आणि एक स्कोअर काढतात. वय, बीटाचा आकडा, आजार कुठे कुठे आहे, आधीची प्रेग्नन्सी कसली होती, असं सगळं धरून. ६ पर्यंत लो रिस्क, ७ आणि वर हाय रिस्क. हा स्कोअर काढल्याशिवाय केमो सुरू करणाऱ्याला कारण विचारा.

केमोने केस जातील का? मूल होईल का नंतर?

लो रिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच औषध असतं, मेथोट्रेक्सेट किंवा ॲक्टिनोमायसिन. मेथोट्रेक्सेटची एक नेहमीची पद्धत म्हणजे एक दिवसाआड इंजेक्शन आणि मधल्या दिवशी फोलिनिक ॲसिडची गोळी, आठ दिवस, मग आराम, आणि दर पंधरा दिवसांनी परत. केस सहसा जात नाहीत. तोंड येतं, डोळे चुरचुरतात, थकवा येतो. तिखट बंद करा, मऊ भात, ताक असं खा, आणि प्रेग्नन्सीतल्या उरलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्या या औषधात लुडबुड करतात. बीटा नॉर्मल झाला तरी दोन-तीन सायकल जास्त देतात, तेव्हा "आता तर नॉर्मल आहे, कशाला" म्हणून थांबू नका.

हाय रिस्कमध्ये पाच औषधं मिळून देतात, त्यात केस जातात, नंतर परत येतात.

मूल होतं. पिशवी राहते, पाळी परत सुरू होते, केमोनंतर साधारण एक वर्ष थांबायला सांगतात.

इकडे कुठे जायचं? खर्चाचं काय?

पिशवी साफ करणं आणि फॉलोअप बहुतेक गायनॅक करतात. सरकारी-महापालिकेचं हवं असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल. केमोची वेळ आली तर ज्यांना या आजाराची सवय आहे अशाच ठिकाणी जावं असं माझं ठाम मत आहे, म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटाचंच सेंटर. जाताना हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट तर न्याच, पण ब्लॉक आणि स्लाइडही, म्हणजे मेणात जपलेला तुकडा आणि काचपट्टीवरचे त्याचे काप, लॅबमधून मागून न्या, मोठ्या ठिकाणी ते परत तपासतात आणि नसल्या की एक चक्कर फुकट जाते.

केमोसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यापासून. आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. एचआरला डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या आणि लेखी मागा.

लोक म्हणतात, त्यात बाळच नव्हतं, मग रडतेस कशाला?

तुमच्यासाठी बाळ होतं. नाव ठरलं असेल, आईला फोन करून सांगितलं असेल. त्यात भर म्हणजे साध्या मिसकॅरेजनंतर माणूस हळूहळू पुढे जातो, इथे दर आठवड्याला सुई, दर आठवड्याला रिपोर्टची वाट. रडा, मोकळ्या व्हा. झोप उडाली, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि नवऱ्यांनाही विचारा कसे आहात, ते बिचारे फाइल घेऊन काउंटरवर उभे असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

परत मोलर होईल का?

१०० पैकी ९८-९९ जणींना नाही. दोनदा झालं असेल तर मात्र शक्यता बरीच वाढते. अशा वेळी जेनेटिक तज्ज्ञांना भेटा, विशेषतः तुमचं लग्न नात्यात झालेलं असेल किंवा बहिणीलाही असं झालं असेल तर, कारण काही घरांत एनएलआरपी७ या जीनमुळे हे परत परत होतं.

पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत आधी मोलर झाला होता हे सांगा, जुनी फाइल दाखवा, आणि सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून घ्या म्हणजे हार्टबीट बघून जीव भांड्यात पडेल. बरेच डॉक्टर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीही एकदा बीटा करायला सांगतात, तेव्हा बाळाच्या लसीची तारीख आणि तुमची रक्ताची तारीख एकाच दिवशी लावून घ्या.